पाण्याबरोबर खाली: मोंतान्य न्वारच्या जंगलातून बेझियेपर्यंत सायकलवर

दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदीच्या काठाने सायकलवर निघणारे बहुतेक लोक तुलूझ शहरातूनच सुरुवात करतात. ते सोयीचे आहे, कारण तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर वाट डांबरी आहे, तिच्यावर जुन्या झाडांची सावली आहे आणि वाट चुकण्याचा प्रश्नच येत नाही. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला मात्र कालवा असा पाण्याच्या शेवटाकडून पाहायला घेणे पटत नाही. पाणी कुठे अडवले, कसे वळवले, हेडवर्क्स, म्हणजे कालव्याच्या मुखाशी केलेली बांधकामे, कशी आहेत हे आधी पाहावे आणि मग साखळी शून्यापासून, म्हणजे जिथून कालव्याचे अंतर मोजायला सुरुवात होते त्या जागेपासून, पाण्याबरोबर खाली यावे, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तुलूझमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीकडे सप्टेंबरअखेर गेलो, तेव्हा तिने दोघांसाठी सायकलची सहल ठरवून ठेवलीच होती. मी फक्त तिचा आरंभ बदलून घेतला आणि तो तुलूझऐवजी पूर्वेच्या डोंगरात, मोंतान्य न्वारमध्ये नेला.

याचे कारण असे की, हा कालवा नदीतून निघून शेतावर संपणाऱ्या आपल्याकडच्या कालव्यांसारखा नाही. तो जलमार्ग आहे. तुलूझपासून तो चढत जातो, नोरूझच्या खिंडीत समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर पोचतो आणि मग पायरीपायरीने भूमध्य समुद्राकडे उतरतो. एकूण लांबी २४० किलोमीटर. होड्या चढवण्या-उतरवण्यासाठी दारांची कुंडे, म्हणजे लॉक, बांधता येतात, पण प्रत्येक वेळी कुंड रिकामे झाले की माथ्यावरचे पाणी खाली जाते. मग माथ्यावर सतत पाणी आणायचे कुठून, हा खरा प्रश्न होता आणि तो सुटत नाही म्हणून ही कल्पना कित्येक पिढ्या कागदावरच राहिली होती. तो सोडवला पिएर-पॉल रिके या मिठावरचा कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याने, जो अभियंता नव्हता. डोंगरातले ओढे अडवून त्यांचे पाणी पाटाने नोरूझला आणायचे, ही त्याची योजना. १६६६ मध्ये चौदाव्या लुईचा हुकूम निघाला, १६८१ मध्ये कालवा सुरू झाला, आणि त्याच्या काही महिने आधी रिके स्वतःचा पैसा त्यात ओतून, कर्ज मागे ठेवून वारला. पाणी आणणारे हे पाट आजही चालू आहेत, आणि त्यांच्या काठाने जाणारी देखभालीची वाट सायकलला मोकळी आहे. जंगल, शेते, कालवा आणि द्राक्षमळे असा सगळा प्रदेश मोटारींच्या रस्त्याला फारसे न लागता पार करता येतो तो या वाटेमुळे.

तयारीत खरा विचार करावा लागला तो चाकांचा. रस्त्यावरची बारीक टायरची सायकल इथे निरुपयोगी आहे, आणि जाड गुटगुटीत टायरची डोंगरी सायकल लांब सपाटीवर माणसाला थकवते. या दोन्हींच्या मधली, खाली वळलेल्या हँडलची पण रुंद टायर घेणारी ग्रॅव्हल सायकल आम्ही तुलूझमध्ये भाड्याने घेतली. टायर ४२ मिलिमीटर रुंदीचे, आत ट्यूब नसलेले आणि पंक्चर आपोआप बुजवणारा पातळ द्रव भरलेले होते. दुकानदाराने हवा मुद्दाम कमी ठेवली, माझ्या वजनाला ३५ पीएसआयच्या आसपास. गच्च भरलेल्या टायरने डांबरावर वेग मिळतो, पण खडीवर चाक प्रत्येक दगडावरून उडते आणि तो धक्का मनगटात येतो. हवा थोडी कमी असली की टायर दगडाला सामावून घेऊन पुढे जातो. सामान पाठीवर न घेता चौकटीच्या त्रिकोणात आणि बैठकीमागे घट्ट बांधलेल्या लांबट पिशव्यांत भरले. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या अरुंद पायवाटेवर झुडपांना अडकतात, असे मुलीने आधीच बजावले होते.

पहिला टप्पा जंगलाचा. मुलीच्या एका सहकाऱ्याने आम्हाला सायकलींसह गाडीने रामोंदाँसच्या जंगलात सोडले आणि तिथून आम्ही अल्झो ओढ्याच्या बंधाऱ्याशी गेलो. उंची सुमारे ६५० मीटर. बंधारा अगदी लहान आहे, आपल्याकडच्या कोल्हापुरी बंधाऱ्यापुढे तो किरकोळच वाटावा; पण ओढ्याचे पाणी तिथे एका बाजूला वळते आणि दगडी तोंडातून पाटात शिरते. हाच डोंगरातला पाट. फ्रेंच त्याला रिगोल म्हणतात. त्याची लांबी सुमारे २४ किलोमीटर, रुंदी उडी मारून ओलांडण्याचा मोह व्हावा इतकीच, आणि काठाने मऊ मातीची, कुठे बारीक खडीची वाट.

या वाटेवर सायकल चालवायला लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जे जाणवले ते मला नकाशावरून कधीच कळले नसते. आपण डोंगरात आहोत, एका हाताला उतार सरळ दरीत गेला आहे, बीच आणि फरची झाडे आभाळ झाकून उभी आहेत, आणि तरी पायांना चढ लागत नाही. पाण्याला जो उतार दिलेला आहे तोच वाटेला आहे, आणि पाण्याचा उतार इतका बेताचा असतो की डोळ्यांना तो दिसतच नाही. वाट डोंगराच्या प्रत्येक घडीत आत जाते, ओहोळ ओलांडते आणि पुन्हा सोंडेवरून बाहेर येते. आम्ही कंटूर कालवा म्हणतो तो हाच. नीरा डाव्या कालव्यावर नोकरी करताना मी निरीक्षणाच्या रस्त्याने मोटारसायकलवर असंख्य वेळा गेलो असेन, पण यंत्रावर बसलेल्या माणसाला उताराची जाणीव होत नाही. ती पायडलवर होते. एके ठिकाणी वाट अचानक जड वाटू लागली, तेव्हा मी थांबून पाहिले. पाटाचा काठ ढासळल्यामुळे तिथे वाट वरून वळवून घेतली होती आणि तेवढ्यापुरता चढ आला होता.

या पाटाने साधलेली गोष्ट साधी नाही. अल्झो हा मुळात भूमध्य समुद्राकडे जाणारा ओढा. पाट त्याचे पाणी उचलतो, वाटेत इतर ओढ्यांचे पाणी सामील करून घेतो आणि पाणलोटाची रेषा ओलांडून अटलांटिककडे जाणाऱ्या खोऱ्यात नेतो. कोयनेने पूर्वेकडे जाणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेच्या वाशिष्ठीत सोडले, ते काम विसाव्या शतकातले. इथे फावडी, घमेली आणि समपातळी मोजण्याची साधी साधने यांच्या बळावर सतराव्या शतकात खोरे बदलले गेले. पाट पुढे ले कामाझ गावाशी एका टेकडीपाशी अडतो. तिथे सुमारे सव्वाशे मीटरचा बोगदा आहे. रिकेच्या मृत्यूनंतर मार्शल व्होबाँ या लष्करी अभियंत्याने कालव्याची पाहणी केली आणि पाट लांबवून हा बोगदा काढायला लावला. पलीकडे पाणी लाउदो ओढ्यात कोसळते आणि साँ-फेरेओलच्या धरणाकडे जाते. या उतारावर सायकलवरून उतरून चालावे लागले, कारण वाट पाण्याला सोडून दरीत उतरते. पाण्याने उतार सोडला की सायकलनेही सोडला, हा हिशेब पुढे सगळ्या प्रवासात खरा ठरला.

जंगलातल्या वाटेवर एक शिस्त पाळावी लागते. ती पायी फिरणाऱ्यांची वाट आहे आणि सायकलवाला तिथे पाहुणा आहे. समोरून माणसे आली की वेग चालण्याइतका करायचा, दुरूनच "बाँझूर" म्हणायचे, म्हाताऱ्या माणसांना आणि कुत्र्यांना पाटाच्या बाजूला न ठेवता डोंगराच्या बाजूने जाऊ द्यायचे. घंटी वाजवण्यापेक्षा तोंडाने नमस्कार केलेला लोकांना अधिक आवडतो, हे माझ्या लवकरच लक्षात आले. सप्टेंबरअखेर अळिंबी गोळा करणारेही जंगलात असतात. ते वाटेवर नसतात, पण वाटेवर कधी येतील याचा नेम नसतो.

साँ-फेरेओलचे धरण पाहण्यात माझा जवळजवळ सगळा दुपारचा वेळ गेला आणि मुलीने तो निमूटपणे सहन केला. १६६७ ते १६७२ या काळात बांधलेले हे धरण जवळपास ८०० मीटर लांब आहे. आत दगडी भिंती आणि त्यांच्या मधे मातीचा भराव अशी त्याची रचना आहे. साठा ६३ लाख घनमीटर. आजच्या हिशेबाने हा आकडा लहान आहे, परंतु ज्या काळात मातीच्या भरावाची स्थिरता काढण्याचे गणितच नव्हते, त्या काळात हे बांधले गेले आणि ते अजून पाणी देत आहे. जलाशयात लोक पोहत होते, भरावावर मुले खेळत होती. खात्यातल्या माणसाला भरावावर माणसे पाहिली की अस्वस्थ व्हायला होते. त्याला इलाज नाही.

दुसरा टप्पा सपाटीच्या पाटाचा. सोर नदीवरच्या पाँक्रुझेपासून निघून रेव्हेल गावाजवळून नोरूझपर्यंत जाणारा हा पाट सुमारे ३८ किलोमीटरचा आहे. धरणातून आलेले लाउदोचे पाणी त्याला वाटेत येऊन मिळते. इथे जंगल संपते आणि कापणी झालेली सूर्यफुलांची व गव्हाची रिकामी शेते लागतात. वाट मुरमाड आहे, कुठे गवताळ. टायरखाली बारीक खड्यांचा एकसारखा आवाज येत राहतो आणि तो आवाज बदलला की वाट बदलली हे न पाहताही कळते. खड्यांचा आवाज मऊ झाला की पुढे चिखल आहे असे समजून आधीच गियर हलके करावे. आम्हाला त्या दिवशी ओताँ नावाचा आग्नेयेचा वारा लागला. या प्रदेशात दोन वाऱ्यांची नावे प्रत्येकाच्या तोंडी असतात: समुद्राकडून येणारा ओताँ आणि पश्चिमेकडून समुद्राकडे जाणारा सेर्स. पूर्वेला जाणाऱ्या सायकलवाल्याला सेर्स ढकलतो आणि ओताँ छातीवर येतो. चढ नसलेल्या वाटेवरही त्या वाऱ्याने आमची पुरती दमछाक केली. झाडांची रांग ज्या बाजूला असेल त्या काठाने जायचे, एवढाच उपाय हाती होता.

नोरूझला पोचल्यावर सगळी योजना एका दृष्टिक्षेपात समजते. पाटाचे पाणी येते, आणि मग त्यातले काही अटलांटिककडच्या बाजूला, काही भूमध्य समुद्राकडच्या बाजूला जाते. रिकेने इथे पाण्याच्या साठ्यासाठी अष्टकोनी तलाव बांधला होता. तो गाळाने भरला आणि सोडून द्यावा लागला. आज त्या जागी उंच झाडांची सरळ वीथी आहे आणि जवळच त्याच्या वंशजांनी उभारलेला दगडी स्तंभ आहे. कालव्याच्या माथ्यावरच्या पाच किलोमीटरच्या तुकड्याच्या एका टोकाला महासागराचे लॉक आहे आणि दुसऱ्या टोकाला भूमध्य समुद्राचे. मी गाळाने भरलेल्या तलावाकडे अधिक वेळ पाहत राहिलो. गाळाचा अंदाज चुकलेला तलाव आमच्या खात्यात कोणाच्याही ओळखीचा आहे.

इथेच डांबर संपते. तुलूझकडून येणारी गुळगुळीत वाट ओट-गारोन जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत येते आणि ओद जिल्ह्यात शिरताच पूर्वी ओढीच्या घोड्यांसाठी केलेली मातीची चालवाट सुरू होते. ज्यांना सहकुटुंब, लहान मुलांना घेऊन जायचे आहे त्यांच्यासाठी ही हद्द महत्त्वाची आहे, आणि ज्यांना माझ्यासारखी खडीवाट हवी आहे त्यांच्यासाठीही. पुढचे शे-दीडशे किलोमीटर पृष्ठभाग सतत बदलतो: दाबलेली पांढरी खडी, टणक माती, दोन चाकोऱ्यांच्या मधे वाढलेले गवत, आणि कुठे हातभर रुंदीची पायवाट, जिच्या एका बाजूला गवताळ काठ आणि दुसऱ्या बाजूला थेट कालव्याचे पाणी. अशा जागी पाण्याकडे पाहायचे नाही, दहा हात पुढे पाहायचे. जिकडे नजर जाते तिकडे सायकल जाते, हे मुलीने मला शिकवले आणि ते अगदी खरे आहे.

या टप्प्यावर सर्वांत जास्त त्रास देतात ती झाडांची मुळे. काठावरची प्लेनची झाडे बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. चिनाराच्या जातकुळीतली ही झाडे प्रचंड वाढली आहेत आणि त्यांची मुळे वाटेच्या आरपार, ओळीने, मनगटाएवढी वर आलेली आहेत. मुळांवरून जाताना बैठकीवरून किंचित उठायचे, गुडघे आणि कोपर सैल सोडायचे, हँडल मुळाशी काटकोनात ठेवायचे आणि ब्रेक मुळाच्या आधी लावायचा, मुळावर नाही. ओल्या मुळावर तिरके गेलेले चाक हमखास घसरते. तासाभरात अंगाला ती लय येते. आपल्याकडे कालव्याच्या भरावावर झाड वाढू देत नाहीत, मुळांच्या वाटेने गळती सुरू होते म्हणून बाभळीसुद्धा काढल्या जातात. इथे मात्र हीच मुळे काठ धरून ठेवतात असे मानले जाते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असावे. झाड जिवंत आहे तोवर मूळ काठ धरते, आणि ते मेले की कुजलेल्या मुळाची पोकळी उरते.

आणि ही झाडे मरत आहेत. २००६ मध्ये त्रेबच्या परिसरात या झाडांवर एक बुरशीजन्य रोग आढळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ही बुरशी फ्रान्सला आली असे मानले जाते. पाण्यातून, होड्यांच्या घासण्यातून, तोडणीच्या हत्यारांतून ती पसरते आणि रोगट झाड काही वर्षांत वाळते. उपचार नाही. कालव्यावरच्या ४२ हजारांच्या आसपास प्लेन वृक्षांपैकी हजारो आतापर्यंत तोडावे आणि जाळावे लागले आहेत. त्यांच्या जागी वेगवेगळ्या जातींची रोपे मुद्दाम मिसळून लावली जात आहेत, म्हणजे पुन्हा एका रोगाने सगळी रांग जाणार नाही. सावलीतून सायकल चालवत यावे आणि एका वळणावर एकदम उघड्या उन्हात पडावे, असे कारकासोनच्या पुढे वारंवार होते. तोडलेल्या झाडांचे बुंधे, काठ्यांना बांधलेली कोवळी झाडे आणि चकाकणारे पाणी. वर्णने वाचून आणि जुनी छायाचित्रे पाहून येणाऱ्याने हे मनाशी धरून यावे.

कास्तेलनोदारीचे मोठे बंदर, तिथले डुकराच्या आणि बदकाच्या मांसाचे घेवड्याचे प्रसिद्ध कालवण, कारकासोनचा किल्ला यांच्याविषयी इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे. मी शाकाहारी असल्यामुळे कालवणाबद्दल बोलण्याचा मला अधिकारही नाही. कारकासोनविषयी एकच गोष्ट मला गमतीची वाटली: शहराने खर्चाचा वाटा उचलायला नकार दिला म्हणून मूळ कालवा गावाबाहेरूनच नेला होता, आणि नंतर पश्चात्ताप होऊन १८१० मध्ये तो वळवून गावात आणला.

लॉकपाशी वाट नेहमी एक छोटा, तीव्र चढ किंवा उतार घेते. सबंध कालव्यावर आम्हाला लागलेले चढ जवळपास तेवढेच. कालव्यावरची कुंडे सरळ भिंतींची नसून अंडाकृती आहेत. सुरुवातीच्या एका कुंडाच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने आत कोसळल्या, तेव्हापासून भिंतींना कमानीसारखा बाक दिला गेला. लॉकच्या प्रत्येक घरावर मागच्या आणि पुढच्या लॉकचे अंतर लिहिलेली पाटी असते, त्यामुळे आम्हाला नकाशा फारसा काढावा लागला नाही. पाण्याची सोय मात्र पाहून ठेवावी लागते. गावे कालव्यापासून थोडी आत असतात आणि दुपारी दुकाने बंद असतात. मुलीची युक्ती अशी की, प्रत्येक गावाच्या दफनभूमीत नळ असतो. पाणी पिण्यायोग्य नाही अशी पाटी नसेल तर बाटल्या तिथे भरायच्या.

काट्यांचेही सांगितले पाहिजे. मार्सेयेतच्या अलीकडे कोरड्या, उघड्या काठावर मला आपल्या ओळखीची वनस्पती दिसली: जमिनीला चिकटून पसरलेली, पिवळ्या फुलांची, सराटा. आपल्याकडे गोखरू म्हणून औषधात वापरतात तीच. टायरमध्ये तिचे काटे रुतले होते आणि प्रत्येकाच्या भोवती आतल्या द्रवाचा पांढरा ठिपका दिसत होता. "बाबा, ते उपसू नका, तसेच राहू द्या," असे मुलगी म्हणाली आणि ते बरोबर होते. काटा जागेवर असेपर्यंत भोक बुजलेले राहते, आणि मुक्कामी पोचल्यावर एकेक काढून चाक फिरवले की द्रव उरलेले काम करतो.

ओंप्सपाशी आम्ही कालवा सोडून मिनर्व्हा या भागातल्या द्राक्षमळ्यांत शिरलो. मळ्यांमधून जाणाऱ्या वाटा ट्रॅक्टरच्या आहेत, चुनखडीच्या खडीने पांढऱ्या पडलेल्या, आणि कालव्याच्या काठापेक्षा कितीतरी खडबडीत. इथे पाण्याचा उतार सोबतीला नसल्याने चढ-उतार सुरू होतात आणि गियर वापरावे लागतात. बारीक खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक हलका आणि मागचा जास्त, वजन मागे, आणि वळणाआधीच वेग कमी करायचा. मोटारी नाहीत, पण तोडणीचा हंगाम असल्यामुळे द्राक्षे भरलेल्या ट्रॉल्या आणि वेलींच्या ओळींवरून दोन्ही बाजूंना चाके ठेवून चालणारी उंच यंत्रे येत होती. अशा वेळी सायकल बाजूला घेऊन उभे राहायचे. ही त्यांच्या कामाची जागा आहे. वेलींच्या ओळींमधून सायकल घालायची नाही आणि घड तोडायचा नाही, हे सांगायला नको.

निफाड किंवा तासगावकडच्या बागा पाहिलेल्या माणसाला हे मळे आधी अपुरे वाटतात. आपल्याकडे वेल मांडवावर किंवा तारांवर चढवलेली, खाली ठिबकच्या नळ्या. इथे कारिन्यँ आणि ग्रेनाश या द्राक्षजातींच्या जुन्या वेली गुडघ्याएवढ्या उंचीच्या, आधाराशिवाय उभ्या, बुंधा मनगटासारखा पिळवटलेला. बऱ्याच मळ्यांत पाणी दिलेलेच नसते. वेलीने खडकातून ओलावा शोधावा अशी अपेक्षा असते आणि त्यामुळेच रस दाट होतो असे ते मानतात. एका मळ्याच्या कडेला पानांवर निळसर थर दिसला. तो मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचा. आपले द्राक्षबागाईतदार ज्याचे नाव रोज घेतात ते बोर्डो इथून रेल्वेने काही तासांवर आहे. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीची गडबड सुरू होण्याचे हेच दिवस, आणि इथे तेव्हा तोडणी संपत आलेली.

आरजान्सच्या लॉकपासून कालवा पुन्हा धरला. इथून बेझियेच्या वरच्या फोंसेरानपर्यंत ५४ किलोमीटर एकही लॉक नाही, आणि माझ्या मते हा या सगळ्या वाटेतला सर्वांत सुंदर भाग आहे. चौपन्न किलोमीटर पाणी एकाच पातळीवर ठेवायचे म्हणजे समपातळीची रेषा सोडायची नाही. कालवा प्रत्येक टेकडीला वळसा घालतो, काप्स्ताँच्या आसपास तर चर्चचा मनोरा एकदा डाव्या हाताला, एकदा उजव्या हाताला आणि एकदा पाठीशी दिसतो. रस्त्याने गेल्यास अंतर बरेच कमी आहे. पण रस्ता टेकड्यांवर चढतो आणि उतरतो, कालवा नाही. आणि वेळेची घाई नसलेल्या माणसाला वळसा हा तोटा वाटत नाही. वाट इथे बहुतेक ठिकाणी दाबलेल्या मुरमाची आहे, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे थेट काठापर्यंत येतात, आणि पाण्याच्या काठाने फुटलेले अंजीर वाटेवर पिकून पडलेले असतात.

पाराझाजवळ रेप्युद्र ओढ्यावर रिकेच्या काळातला, १६७६ चा, छोटा जलसेतू आहे. वर कालवा, खाली ओढा, आणि कडेने सायकल जाईल एवढी दगडी वाट. त्याआधी रेदोर्तपाशी अकरा कमानींचा सांडवा लागला होता. पुराचे जास्तीचे पाणी या कमानींखालून बाहेर पडते आणि चालवाट कमानींच्या डोक्यावरून जाते. पुढे आर्झलिये गाव आहे. मद्याचे भाव कोसळल्यामुळे १९०७ च्या ११ मार्चला या गावातून ८७ द्राक्ष उत्पादक मार्सलँ आल्बेर या कॅफेवाल्याच्या मागे नार्बोनला चालत गेले, आणि तीन महिन्यांत त्या चळवळीने माँपेलियेत लाखोंची गर्दी जमवली. ही हकीकत मला तिथे भेटलेल्या एका वयस्क बागाईतदाराने मुलीमार्फत सांगितली. भाव पडलेल्या वर्षांविषयी दोन देशांतले शेतकरी एकाच सुरात बोलतात.

माल्पासला चालवाट टेकडीवर चढते आणि कालवा टेकडीखाली जातो. १६५ मीटरचा हा बोगदा १६७९-८० च्या सुमारास काढला गेला. टेकडीच्या पोटात एकमेकांखाली तीन बोगदे आहेत: सर्वांत वर कालव्याचा, त्याखाली एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेचा, आणि सर्वांत खोल मध्ययुगीन निचऱ्याचा. हा तिसरा माँतादीच्या दलदलीचे पाणी काढण्यासाठी तेराव्या शतकात खोदला गेला. सायकली खाली ठेवून आम्ही अंसेर्युनच्या टेकडीवर चढलो, आणि वरून ती जागा दिसली: वर्तुळाच्या मध्याकडे जाणाऱ्या चरांनी पाचरींसारखी कापलेली शेते, सगळे चर मध्यात पाणी आणणारे आणि तिथून बोगद्याने ते टेकडीपलीकडे टाकणारे. निचरा हा विषय आमच्या खात्यात कायम सावत्र राहिला. नीरेच्या आणि कृष्णेच्या लाभक्षेत्रात पाणी दिले आणि ते काढण्याची सोय मागे पडली, म्हणून जमिनी खारवटल्या. त्या टेकडीवर मी बराच वेळ बसलो होतो.

फोंसेरानला एकाला एक जोडलेली आठ कुंडे जिन्यासारखी उतरतात आणि पाणी २१ मीटरहून अधिक खाली आणतात. प्रवासी गर्दी करून होड्या उतरताना पाहतात. सायकल हातात धरून पायऱ्यांच्या कडेने खाली यावे लागले. पुढे ऑर्ब नदीवरचा १८५८ चा जलसेतू ओलांडला की बेझिये, आणि तिथून वाट पुन्हा गुळगुळीत होते. खडीवाटेचा प्रवास इथे संपतो, आणि बहुतेक लोक इथून प्रादेशिक रेल्वे धरतात. तिच्यात सायकल नेता येते.

मी मात्र मुलीला आणखी थोडे पुढे, व्हियासजवळच्या लिब्रोंपर्यंत नेले. लिब्रों हा एरवी कोरडा असणारा आणि पुरात अंगावर येणारा ओढा. समुद्र इतका जवळ आहे की कालवा ओढ्याच्या वरूनही नेता येत नाही आणि खालूनही नाही. दोन्हींची पातळी जवळपास एकच. आम्ही अशा ठिकाणी ओढ्याचे पाणी कालव्यावरून नेणारा सुपरपॅसेज करतो, पण इथे होड्या जायच्या आहेत, म्हणून तो कायमचा ठेवता येत नाही. एकोणिसाव्या शतकात यावर काढलेला तोडगा असा: ओढा दोन फाट्यांत विभागायचा, आणि प्रत्येक फाट्यावर कालव्याच्या पात्रावर उतरवता येतील अशी लोखंडी हौदांची रांग ठेवायची. पूर आला की एका फाट्याचे हौद खाली करून पाणी वरून जाऊ द्यायचे, तोवर होडी दुसऱ्या फाट्याखाली शिरते. मग हे बंद, ते उघडे, आणि होडी पुढे. म्हणजे एक प्रकारचे लॉकच, पण पुराविरुद्ध. त्या दिवशी ओढा कोरडा ठणठणीत होता आणि यंत्रे स्थिर होती. मुलीने दोनदा घड्याळ दाखवले, तरी मी हौदांच्या साखळ्या आणि रूळ तपासत तिथे बराच वेळ उभा होतो. मग आम्ही व्हियासच्या स्थानकावर जाऊन तुलूझची गाडी पकडली.